शेवटची नावं वर जाईपर्यंत उठू नकोस

दि. ९, मंगळवार

टीव्हीच्या काचेवर डाग कुणाचे, म्हणून परवा तू माझ्याकडे बघितलंस. भिंतीवर रेघोट्या मारणाऱ्या पोराकडे बघावं तसं. मग खिशातलं फडकं काढलंस, काच पुसलीस, चहा अर्धा ठेवलास आणि निघालास. डाग पडले कशाने, हे काही विचारलं नाहीस. टीव्ही तू दिलास म्हणून काच तुझी, मान्य. पण डाग माझे आहेत आणि मेहनतीने पाडलेले आहेत.

आता रीतीचं. चि. थोरल्यास अनेक आशीर्वाद. माझी तब्येत बरी, गुडघा त्याच्या मर्जीने चालतो. सूनबाईंनी पाठवलेला डबा पोचला. डबा बरा आहे म्हणून ठेवून घेतला, वाट बघू नका म्हणावं. तुझा खोकला तू लपवतोस तेवढा लपत नाही.

तर डाग. मी कोरियाचे सिनेमे बघते. हसून घे आणि पुढे वाच. बोलतात ते त्यांच्या भाषेत, खाली आपली अक्षरं येतात. ओळीखाली बोट धरल्याशिवाय मला वाचता येत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. मग काय, खुर्ची टीव्हीला चिकटवली आणि बोट काचेवर. खाली जो कोणी येईल, शिपाई असो की घोडा, त्याच्या पोटावरून माझं बोट फिरतं. पहिले काही दिवस ओळ पुढे पळायची. आता नाही पळत.

तूही सिनेमे बघायचास. सिनेमा तू सोडलास तो वेळ नाही म्हणून नव्हे. इतकी वर्षं वर्कशॉपात लेथच्या आवाजात उभा राहून तुझे कान गेलेत आणि ते तू डॉक्टरला काय, आरशालाही सांगणार नाहीस. या सिनेमांना कान लागत नाहीत. म्हणून सांगते ते ऐक, म्हणजे वाच.

सुरुवात मारामारीपासून कर, नाहीतर तू झोपशील. एक आहे सामान हलवणाऱ्याचा. त्याच्या पाठीवर कपाट बांधलेलं आहे, मागे गुंड लागलेत आणि जिन्यात गाठ पडते. कपाट काही खाली ठेवता येत नाही, कारण आत त्याची आजारी आई बसवलेली. पूर्ण मारामारी तो कपाटाला धक्का न लावता करतो. आपल्याकडे हिरो मारतो तेव्हा दहाजण हवेत उडतात. इथे एक माणूस पडतो, पण पडला की आपला खांदा दुखतो. त्याला धाप लागते, पायरी चुकते. तू दोर कसा बांधलाय तेवढंच बघत बसशील. बघ, बरोबर बांधलाय.

मग रहस्याचा. हॉटेलच्या धोबीखान्यात खून होतो. खुनी कोण ते मी मध्यावरच ओळखलं आणि साफ आपटले. इतक्या गोड बाईवर मी संशय घेतला म्हणून मलाच लाजायला झालं, आणि शेवटाला कळलं की लाजायचंही कारण नव्हतं, ती वेगळ्याच बाबतीत चोर होती. हा सूनबाईंबरोबर बघू नकोस. त्या दर वाक्याला हा कोण, तो कोण विचारतात आणि ओळ निघून जाते.

तिसरा राजेरजवाड्यांचा. हा बघितला नाहीस तर बाकीचे बघूही नकोस. एक म्हातारा चिलखतं करतो. त्याचा मुलगा त्याच्या भट्टीवर राहायला तयार नाही, फौजेबरोबर निघतो. लढाई तर अशी घेतलीय की चिखल माझ्या जाजमावर आला असं वाटलं. पण मी सांगते ते लढाईआधीचं. मुलगा दारात उभा आहे. म्हातारा वर बघत नाही, हातातला पत्रा घासत राहतो. आणि खाली ओळ येते, बोटं सांभाळ.

माझं बोट तिथेच राहिलं. ओळ गेली, माणसं बदलली, तरी मी काच सोडली नाही.

जगात दुसऱ्या कुठल्या घरात असं म्हणतात ते मला दाखव. लोक येतो म्हणतात, जपून जा म्हणतात. तू कामगारांना, बायकोला, मी बाजाराला निघाले तरी मला, बोटं सांभाळ म्हणतोस.

मी ठिणगीला फोन लावला. तुझ्याच मुलीला, नाव वाचून पत्र घडी करू नकोस. तू स्क्रूच्या पुडीचा कागदसुद्धा वाचून फेकतोस, हेही वाचशील. म्हटलं, खालची ही ओळ तू लिहिलीयस का गं? मग म्हणाली, "आजी, ओळ संपेपर्यंत वाचता आलं तुला?"

म्हटलं, आलं. पण तो म्हातारा खरं काय म्हणतो?

"तो म्हणतो, सुखरूप जा. पण बाबा असं कुठे म्हणतात."

तिने सांगितलं ते असं. ओळ टिकते डोळ्याची पापणी लवेपर्यंत, तेवढ्यात सांगायचं तर शब्द छाटावे लागतात. मशीन चालू असताना तू दोन शब्दांत सांगायचास आणि ती समजायची, ते तिच्या कामाला आलं. बाकीचे तिच्याबरोबर शिकलेले लांबण लावतात म्हणे.

ती कोरियन भाषा शिकायला निघाली तेव्हा कामगारांसमोर तू विचारलंस, हे आपल्या घरात कुणाच्या उपयोगाचं? तिने उत्तर दिलं नाही, पिशवी उचलली. मी देते. माझ्या उपयोगाचं. आणि तुझ्या, कारण तुला ऐकू येत नाही.

खिळ्यावर टांगलेला तिचा वर्कशॉपचा चष्मा तू कुणाला घालू देत नाहीस आणि दर शनिवारी पुसतोस. काचा पुसायची तुला हौसच आहे.

ती महिनाअखेर तिकडेच कामाला निघाली आहे, कोरियात. परत कधी, ते तिलाही माहीत नाही. त्याआधी या रविवारी सकाळी माझ्याकडे येणार. यातलं तुझ्याशी काही बोलणार नाही असं मी तिला कबूल केलंय, आणि मी बोललेले नाही. सिनेमाचं लिहिताना निघालं.

म्हणून म्हाताऱ्याचा सिनेमा रविवारच्या आत बघ. संपला की लगेच उठू नकोस. पडदा काळा होतो, नावं वर जातात, बरीच असतात. अगदी तळाला, भाषांतर करणाऱ्याचं एकच नाव येतं. तुझं आडनाव त्यात आहे. तिने काढलेलं नाही.

बोटं सांभाळ.

तुझी आई

ता.क. या पत्राचं उत्तर मला पाठवशील तर न उघडता परत करीन. उत्तर तिला द्यायचं. सूनबाईंनी फोन करून चालणार नाही, कामगाराहाती निरोप चालणार नाही. तू यायचं आणि तू द्यायचं. दोन शब्दांत दिलंस तरी तिला कळतं.