खाली एक बोट

बा, आज सकाळी थोरल्या मुलाचा परदेशातून फोन आला होता. तिकडे कमरेइतका बर्फ पडलाय म्हणे. दारापासून रस्त्यापर्यंतची वाट साफ करायला त्याला चार चाकांची मोटारसायकल घ्यायची आहे, पुढे लोखंडी पातं लावलेली. कोणती घेऊ, पातं किती रुंद हवं, चाकांना साखळ्या बांधू का, असं एकामागून एक विचारत होता. मागून नात ओरडली, "आजोबा, यू हॅव नेव्हर सीन स्नो!" म्हटलं, बर्फ नसेल बघितला बाई, पण पातं बघितलंय. मग अर्धा तास मीच बोलत राहिलो. शेवटी म्हणालो, "आणि पातं जमिनीला टेकवायचं नाही. खाली एक बोट सोड." त्यानं विचारलं, "हे कुणी शिकवलं तुम्हाला?" मी म्हणालो, "पुस्तकात होतं." फोन ठेवला आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. दोनदा चहा टाकला, दोन्ही वेळा उतू घालवला. गॅलरीत गेलो, आत आलो, पुन्हा गेलो. पुस्तकात नव्हतं, बा. पुस्तकात काय होतं आणि तुझं काय होतं ते एकदा तरी नीट मांडावं, म्हणून लिहायला बसलोय. तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी.

नव्वद साल, कुवेत. अहमदीच्या पलीकडे, जिथे वसाहत संपते आणि नुसती वाळू सुरू होते, तिथल्या एका लहानशा दवाखान्यात मी गाड्या आणि जनरेटर सांभाळायचो. राहायला खैतानात, चौघांत एक खोली. मोठ्या रस्त्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंत तीनशे पावलांची डांबरी वाट होती, आणि उत्तरेचा वारा सुटला की ती वाट नाहीशी व्हायची. एप्रिलात एक अडलेली बाई घेऊन येणारी ॲम्ब्युलन्स त्या वाटेत रुतली. चाकं फिरतायत, वाळू उडतेय, गाडी आणखी खाली बसतेय. आमच्या सिस्टर, साताऱ्याच्या, साडीचा पदर खोचावा तसा गणवेशाचा कोट कमरेला गुंडाळून धावत गेल्या आणि गाडीतच बाळंतपण केलं. बाळ-बाळंतीण सुखरूप. मग त्या वाळूनं भरलेल्या बुटांनी थेट मुदीरच्या खोलीत शिरल्या. मुदीर म्हणजे आमचा मॅनेजर, मनाचा चांगला, पण हलायला जड. तो म्हणाला, "लोडर मागवतो. शुक्रवार सोडून कधीही येईल." सिस्टर म्हणाल्या, "बाळं नेमकी शुक्रवारीच येतात, साहेब." मी दारात उभा होतो. तोंडातून निघून गेलं, की समुद्रावर पोरं उडवतात तसली वाळूत चालणारी चारचाकी घेऊ आणि तिला पुढे पातं लावू. मुदीर हसला. "ते खेळणं आहे, मिस्त्री." पण बूट न झाडता सिस्टर तिथेच उभ्या राहिल्या, आणि थोड्या वेळानं तो म्हणाला, "बरं, बघ जा."

शुवैखच्या वर्कशॉपांमधून मी तीन दुपारी हिंडलो. आधी तीनचाकी पाहिली. चालवून बघितली तर पहिल्याच वळणावर तिनं मला वाळूत असं ठेवलं, जसं कुणी पोतं उतरवावं. मग चारचाकी. जोरात पळणाऱ्या पुष्कळ होत्या, पण मला पळायचं नव्हतं, ढकलायचं होतं. म्हणून चारही चाकं ओढणारी, मुंगीच्या चालीचा खालचा गिअर असलेली शोधली. साखळीवर चालणारी नको, वाळू साखळी खाऊन टाकते. रेडिएटरवाली नको, त्याची जाळी तुंबते. शेवटी एका मलबारी दुकानदाराच्या गोदामात, टायरांच्या ढिगामागे, एक लांबोळकं खोकं दिसलं. वर चित्र होतं, टोपी-मफलरवाला गोरा माणूस आणि त्याच्यापुढे पांढरा डोंगर. "ये क्या है?" "बर्फ हटाने का. ग़लती से आया, पाँच साल से इधर सो रहा है." मी म्हणालो, हेच पाहिजे. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मिस्त्री, कुवेत में बर्फ सिर्फ़ ज्यूस की दुकान में मिलता है."

खोक्यात पातं होतं, चार फूट रुंद आणि थोडं जास्तच. ते उचलायला हाताचा दांडा, दोन जाड स्प्रिंगा, पात्याखाली बसवायची तव्यासारखी दोन लोखंडी पावलं, आणि एक इंग्रजी पुस्तक. मी मॅट्रिक नापास, तुला ठाऊकच आहे. शब्दकोश घेऊन बसलो आणि जिथे जिथे बर्फ लिहिलं होतं तिथे पेन्सिलीनं वाळू लिहिलं. गंमत अशी की निम्मं पुस्तक तसंच्या तसं लागू पडलं. पातं तिरकं केलं तरी चाकांच्या रुंदीहून बाहेर यायला हवं, नाहीतर स्वतःच्याच ढिगावर चढाल. मागच्या बाजूला वजन बांधा, म्हणून मी वाळूचीच दोन पोती बांधली. पहिल्या दिवशीच ढीग खूप लांब नेऊन टाका, कारण आज कडेला ठेवलात तर पुढच्या खेपेला वाट अरुंद होईल. मोसम सुरू व्हायच्या आत वाटेच्या दोन्ही कडांना खुणेच्या काठ्या रोवा, झाकली गेल्यावर वाट सापडत नाही. काही गोष्टी मात्र उलट्या करायच्या होत्या. ते म्हणत होते चाकांना साखळ्या बांधा, मी टायरांतली हवा कमी केली, की चाक उंटाच्या पावलासारखं पसरावं. आणि एक गोष्ट त्या पुस्तकाला माहीतच नव्हती. त्यांचा बर्फ कधीतरी वितळतो. आमची वाळू रात्रीतून परत यायची.

आता चुकीचं सांगतो. स्प्रिंगा मला ढिल्या वाटल्या. पातं धक्क्यानं मागे झुकत होतं, मला वाटलं हा दोष आहे. पाना घेतला आणि गच्च आवळून टाकल्या. आणि ती लोखंडी पावलं पार वर घेतली, पातं डांबराला लागेल अशी, कारण मला वाट आरशासारखी करून दाखवायची होती. मुदीर, सिस्टर, सगळे दारात उभे. मी निघालो. उन्हानं डांबर लोण्यासारखं झालेलं. पात्यानं आधी डांबराची लांबच लांब साल काढली, आणि मग ते गटाराच्या लोखंडी झाकणावर जाऊन असं आदळलं की हँडल माझ्या छातीत बसलं. सिस्टरनी बरगड्यांना पट्टा बांधला. "पातं वाकलं असेल असं वाटलं होतं," त्या म्हणाल्या, "इथं तर मिस्त्रीच वाकलेत." मी हसलो तर दुखलं. तसाच पडल्या पडल्या मला तुझं मिठाचं आगर दिसायला लागलं.

अठरा वर्षांचा मी, नापासाचा निकाल खिशात. तू मला मिठाच्या वाफ्यात उतरवतोस. हातात लांब दांड्याची फळी. पांढरं मीठ समोर पसरलंय आणि मला रागात सगळं एकदम ओढून दाखवायचंय. मी फळी दाबतो, जोर लावतो, आणि वाफ्याचा तळ, जो तुम्ही सगळ्यांनी मोसमाआधी पायांनी तुडवून तुडवून पक्का केला होता, तो खरवडून वर येतो. पांढऱ्या मिठात काळा चिखल. अख्खा वाफा फुकट. तू ओरडत नाहीस. फळी माझ्या हातातून घेतोस, तळापासून बोटभर उचलून धरतोस आणि मीठ असं पुढे सरकवतोस की खालच्या मातीला कळतही नाही. मग म्हणतोस, "खालचा सोराला शीक, पोरा." खालचं सोडायला शीक. त्या दिवशी मला ती शिवी वाटली. दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही.

आणि कुवेतला निघालो तेव्हा तू जुन्या फळीची कड कापून मला दिलीस, वीतभर लांब, बोटभर जाड, मीठ पिऊन पांढरी पडलेली. "हे कशाला?" मी विचारलं. "मापाला," तू म्हणालास. कसल्या मापाला ते तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. खैतानच्या खोलीत ती खिडकीला टेकू म्हणून लागायची. बरगडीला पट्टा बांधून मी ती काढून आणली, डांबरावर ठेवली, वर पातं टेकवलं आणि पात्याखालची पावलं त्या मापाला कसली. स्प्रिंगा ढिल्या केल्या, की कशाला अडलं तर पातं मागे झुकावं. वाटेवर बोटभर वाळू राहू दिली. त्यानंतर पातं एकदाही अडलं नाही. बोटभर वाळूवरून ॲम्ब्युलन्स अगदी खुशाल जाते, बा. मुदीरनं पुन्हा खेळणं म्हटलं नाही.

इथपर्यंत लिहून मी पुन्हा उठलो होतो. आता पुढचं.

जुलैत तुझं पत्र आलं, धाकट्या बहिणीच्या अक्षरात. "पाय सुजलेत. घाई करू नकोस, पण उशीरही करू नकोस." मी कळवलं, गणपतीला येतो. रजा मंजूर होती. आणि ऑगस्ट लागला तसे रणगाडे आले. फोन बंद, टपाल बंद, विमानतळ बंद. खोलीतला नाशिककर एके दिवशी सांगत आला, "अम्मानला बस निघतेय, बगदादवरून. तिथून आपलं विमान आहे. तुझी जागा मी धरलीय, खिडकीची. परवा दुपारी." मी हो म्हणालो आणि दवाखान्यात सांगायला गेलो. निम्मा स्टाफ गेला होता. सिस्टर म्हणाल्या, "जावा की. वडील वाट बघत असतील. पण किल्ली देऊन जावा, आणि हवा किती ठेवायची ते सांगून जावा. मी चालवीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना शिकवलं. पातं कधी उचलायचं, ढीग कुठे टाकायचा, वळताना अंग कुठे झोकायचं. तुझी फळी पात्याखाली ठेवून दाखवली. "एवढं खाली सोडायचं." "एवढंच?" "एवढंच." त्यांनी पहिल्या फेरीत दोन काठ्या आडव्या केल्या, दुसऱ्या फेरीत एक, तिसऱ्या फेरीत एकही नाही. एक तास लागला. उतरल्या, धुळीनं माखलेल्या, आणि म्हणाल्या, "पोळ्या लाटण्यापेक्षा सोपं आहे हो हे. उगाच मिस्त्री म्हणून मिरवता."

आणि बसच्या दिवशी दुपारी मी गेलो नाही. नाशिककर एकटा गेला. मुंबईत उतरून त्यानं तुला पत्र टाकलं, तुमचा मुलगा सुखरूप आहे, पुढच्या बसनं येतो. पुढच्या बसलाही मी गेलो नाही. मी रोज सकाळी उठायचो, चारचाकी काढायचो, तीनशे पावलं जायचो, तीनशे पावलं यायचो. वाट साफ झाली की पुन्हा एकदा जायचो. सैनिक बघून हसायचे. शेवटी त्यांनी ॲम्ब्युलन्स नेली, मग पातं सोडवून ठेवून चारचाकी नेली, दवाखान्याला कुलूप लागलं, आणि ऑक्टोबरात सिस्टर आणि मी एकाच बसनं निघालो. मी दारात आलो तेव्हा तुझं बारावं होऊन गेलं होतं. धाकटी म्हणाली, "रोज विचारायचा, बस आली का म्हणून. उशी दाराकडे करून घेतली होती." सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "काय करणार, वाट बंद होती." धाकटीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. पुढे मुलांनाही मी हेच सांगितलं.

एक्याण्णव साली परत गेलो तेव्हा तेलाच्या विहिरी जळत होत्या. दुपारी दिवे लावावे लागत. वाळूवर काळी साय धरली होती. पातं मात्र भिंतीला टेकून तसंच उभं होतं. ते काय आहे हे कुणाला कळलंच नसेल, म्हणून राहिलं. त्याच्यामागे तुझी फळी सापडली. एवढी पांढरी फळी काजळासारखी काळी. साबणानं, घासलेटनं, कशानं कशानं घासली, काळेपण गेलं नाही.

ती आता माझ्यासमोर आहे. थोरल्याला पाठवावी असं सकाळपासून दहा वेळा मनात आलं. पण पाठवली तर तो विचारेल, आणि मला पहिल्यापासून सांगावं लागेल. म्हणून ती पाठवणार नाही, आणि हे पत्र तर कुठे पाठवणार! सिस्टरना चालवता येत नव्हतं म्हणून राहिलो असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगून बघितलं. त्या माझ्याहून चांगलं चालवत होत्या. मला तुझे सुजलेले पाय बघायची भीती वाटत होती, बा. ज्या पायांनी तू वाफ्याचा तळ तुडवायचास, ते तसे बघायचे नव्हते. तिथे निदान मला काम येत होतं.

वाट बंद नव्हती. रोज सकाळी मीच ती साफ करत होतो.