बिडाच्या पंजाला चार भोकं

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा नमस्कार. हा नमस्कार मी उभ्याउभ्याच करतो आहे, कारण तुमच्या गाडीखाली आडवं पडून माझी कंबर धरली आहे आणि आता वाकलो तर परत सरळ होईन याची खात्री नाही. तुमची तब्येत ठणठणीत असेलच. (आपली गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारलेल्या माणसाला काय होणार?) मामींचा खोकला कसा आहे ते कळवा. आई बरी आहे आणि तुमच्यावर भडकलेली आहे. या एका बाबतीत तिचं नि माझं आयुष्यात पहिल्यांदाच एकमत झालं आहे.

गाडी देताना तुम्ही म्हणाला होतात की हिच्याकडे काही बघावं लागत नाही. मामा, गेले कित्येक आठवडे मी दुसरं काहीही बघितलेलं नाही. ती घेतली होती फक्त आईसाठी, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिचे गुडघे वाकत नाहीत. हल्लीच्या गाडीत तिला बसवणं म्हणजे लोखंडी कपाट जिन्यातून उतरवणं. तुमच्या गाडीची सीट खुर्चीएवढी उंच, दार सताड उघडणारं, त्यामुळे ती आरामात बसते आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला तिच्या शाळेतल्या मैत्रिणीकडे पत्ते खेळायला जाते. (खेळायला म्हणजे भांडायला. पण भांडून आली की चार दिवस घरात शांतता असते, त्यामुळे आमचाही त्यात स्वार्थ आहे.) तर गाडीच्या कागदांची मुदत संपली, म्हणून मी ती तपासणीला नेली, आणि तिथून माझे ग्रह फिरले.

तपासणीचा इन्स्पेक्टर म्हणजे कडक इस्त्रीचा, हळू बोलणारा, काठीला आरसा बांधून गाडीच्या पोटाखाली डोकावणारा माणूस. त्याने मागच्या नळीत यंत्र घातलं आणि धूर उत्तम असल्याचं सांगितलं. मी दाखल्यासाठी हात पुढे केला. त्याने तो न बघता बॉनेट उघडलं आणि हवेचा पंप कुठे आहे असं विचारलं. मला वाटलं टायरचा, म्हणून मी डिकीकडे गेलो. मग त्याने समजावलं की या मॉडेलला कारखान्यातूनच एक पंप येतो, तो इंजिनातून निघणाऱ्या गरम धुरात ताजी हवा सोडतो आणि उरलासुरला धूर तिथेच जाळतो. कारखान्याने जे बसवलं ते जागेवर दिसलंच पाहिजे, असा नियम आहे. मी म्हटलं, अहो, पंपाचं काम धूर साफ करणं, आणि धूर तर साफ आहे. त्यावर तो म्हणाला, "धूर आजचा आहे, साहेब. पंप कायमचा असतो." आणि गाडी नापास.

मी तुम्हाला फोन केला. तुम्ही हसलात. ते हसू मी विसरणार नाही, मामा. तुम्ही म्हणालात की तो पंप इंजिनाच्या छातीवर बसतो म्हणून पहिल्याच वर्षी उपटला, आणि त्याच्याबरोबर मॅनिफोल्डही काढून टाकला. (आईला मॅनिफोल्ड म्हणजे काय ते सांगताना मी म्हटलं, चार बोटांचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा पंजा, इंजिनाच्या चार भोकांतून येणारा धूर गोळा करून सायलेन्सरच्या नळीत सोडणारा. ती म्हणाली, मग तुझ्या मामाने स्वतःचा पंजा का नाही काढला.) त्याच्या जागी तुम्ही आधीच्या मॉडेलचा पंजा बसवलात, ज्याच्या काळात पंप जन्मालाच आला नव्हता. म्हणजे हवेची नळी घालायला त्याला भोकंच नाहीत. पंप मला भंगारात मिळाला. भोकंवाला पंजा मात्र कुठेही मिळेना.

मग आमच्या गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याला सगळे होऊनजाईल म्हणतात, कारण त्याच्यासमोर बुडती बोट आणली तरी तो "होऊन जाईल" एवढंच म्हणतो. त्याने काय केलं? पंप बसवला, पट्टा चढवला, चार नळ्या सुरेख वाकवल्या आणि पंजाला बाहेरून चिकटवल्या. भोकं पाडलीच नाहीत. हे मला ठाऊक नव्हतं. मी छाती काढून तपासणीला गेलो, आईलाही नेलं, कारण तिथून परस्पर पत्त्यांना जायचं होतं. इन्स्पेक्टरने एक नळी पंपाकडून सोडवली, तिच्यात फुंकर मारली, आणि गाल फुगवून माझ्याकडे बघत राहिला. हवा जायला वाटच नव्हती. भर रांगेत मी असा लबाड ठरलो. आई खिडकीतून त्याला म्हणाली की पोरा, फुंकायचंच असेल तर बासरी फुंक. तो सरळ "हो आजी" म्हणाला आणि नापासाचा शिक्का मारला.

त्या दिवशी मी होऊनजाईलच्या गॅरेजमध्ये जे बोललो ते मामी हे पत्र वाचतील म्हणून लिहीत नाही. मग भोकं पाडली. बीड फार मानी, मामा. पोलाद वाकतं, बीड थेट तुटतं. तीन भोकं सरळ गेली, आटे पडले, चौथं तिरकं गेलं. ते वेल्डिंगने बुजवलं आणि या महाभागाने पंजा लवकर गार व्हावा म्हणून त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. टिंग असा आवाज आला. एका बोटापासून मनगटापर्यंत चीर. तो चिरेकडे बघून म्हणाला, होऊन जाईल. मी पान्हा उचलला होता, खोटं कशाला बोलू. पण तो म्हणाला ते खरं निघालं: बीड आधी सगळं सारखं तापवायचं, मग जोडायचं आणि राखेत पुरून सावकाश निववायचं. तापवायला एवढी मोठी भट्टी फक्त शेजारच्या बेकरीत. बेकरीवाल्याला मी कसंबसं राजी केलं. पंजा भट्टीत गेला, त्याच्यावर वर्षानुवर्षं साठलेलं तुमचं ग्रीस वितळलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या आळीने इंजिन ऑइलच्या वासाचे पाव खाल्ले. बेकरीवाला माझ्याशी बोलत नाही. आम्ही आता बिस्किटं लांबून आणतो.

पण चीर सांधली. चौथं भोक पडलं. गाडी पास झाली. इन्स्पेक्टरने चारही नळ्यांत फुंकर मारून बघितली आणि पहिल्यांदा थोडा हसला. मला हसू आलं नाही. माझी कंबर गेली, अब्रू गेली, पाव गेले, आणि हे सगळं कशासाठी, तर तरुणपणी तुम्हाला इंजिनाची छाती मोकळी हवी होती म्हणून. तेव्हा तुमची गाडी तुम्ही परत घेऊन जा. पुन्हा मी पान्ह्याला हात लावणार नाही.

मामींना नमस्कार. तुम्हाला वर केलाच आहे, पुन्हा करत नाही.

तुमचा,
भाचा

ता. क. गाडी न्यायला लगेच येऊ नका. आईचे पत्त्यांचे वार ठरलेले आहेत.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात दारात इन्स्पेक्टर. बिनइस्त्रीच्या शर्टात. त्याच्याकडे वडिलांची हीच गाडी ताडपत्रीखाली उभी आहे, हेच मॉडेल, आणि वडिलांनी हाच पराक्रम केलेला. स्वतःची गाडी त्याने स्वतःच नापास करून ठेवली आहे. आईने विचारलं, घरी कोण कोण असतं, तर म्हणाला, आई असते. ती कशाने जाते-येते असं विचारल्यावर तो म्हणाला, "ती कुठे जात नाही, आजी." मग आईने माझ्याकडे असं बघितलं की मी रविवारी त्याच्या गाडीखाली झोपणार आहे.

ता. क. तिसरा, आणि हे नीट वाचा. आईने आत्ता मामींना फोन केला होता. तुमच्या शेडचं दार आपटू नये म्हणून तुम्ही जो बिडाचा तुकडा लावून ठेवता, त्याला चार बोटं आणि चार भोकं आहेत असं मामी सहज बोलून गेल्या. मामा, मी या क्षणी किती चिडलो आहे ते लिहायला कागद पुरणार नाही. तो पंजा इन्स्पेक्टरच्या आईसाठी उद्याच पाठवा. दाराला मी स्वतः येऊन टेकून उभा राहतो.