रंगाखालची होडी

४ फेब्रुवारी
तपासून घेतल्याशिवाय ती जुनी होडी घ्यायची नाही म्हणजे नाही! सांगून टाकलं यांना. हे कधीचेच भाळलेत — "अगं, रंग बघ, नवी नवरी दिसतेय!" उद्या तिच्यात बसून माणसं पलीकडच्या काठाला जाणार, आपल्या भरवशावर. आणि होडी चालवणार कोण? तर हे! धड पोहता येत नाही.

५ फेब्रुवारी
होडीवाले काका फुगून बसले. "बावीस वर्षं चालवतोय. माझ्या शब्दाला काही किंमतच नाही?" आहे हो. पण शब्दावर बसून नदी ओलांडता येत नाही! — तोंडावर बोलले. हे नुसते चुळबुळत उभे.

७ फेब्रुवारी
होडी तपासायला बोलावलेले तपासनीस म्हणजे चक्क एक बाई निघाल्या! मी आपली मिशीवाल्या साहेबांची वाट बघत होते. आल्या आल्या हुकूम — होडी पाण्याबाहेर काढा. काका म्हणाले, "पाण्यातच बघा की." बाई ढिम्म. शेवटी ओढून काढली.

मग छोटी हातोडी घेऊन एकेक फळी ठोकत निघाल्या. टक्, टक्, टक्... आणि मागच्या बाजूला — भद्! पुन्हा ठोकलं. भद्! रंग खरवडून टोच्या लावला, तर उकडलेल्या बटाट्यात जावा तसा आत गेला. लाकूड कुजून काळं पडलेलं. "ही फळी भर प्रवाहात सुटली असती," बाई म्हणाल्या, "तर पाणी उपसायलाही वेळ मिळाला नसता."

यांचा चेहरा पांढराफटक. मी काही बोलले नाही. बरं, थोडं बोलले. काकांना मात्र सगळ्यांदेखत झाडलं — रंग फासून आमच्या गळ्यात मारत होतात! ते त्या कुजक्या फळीवरून हात फिरवत राहिले.

८ फेब्रुवारी
जिंकले! आभाळ ठेंगणं झालंय आज. आणि हे? शेजारीपाजारी सांगत सुटलेत, "मी आधीच म्हटलं होतं, तपासून घेऊ." घ्या! सासूबाईसुद्धा हसल्या. म्हणाल्या, "म्हणू दे गं. जिवंत आहे म्हणून थापा मारतोय."

१० फेब्रुवारी
सकाळी दारात काका. भांडायला आले वाटलं — पदर खोचून पुढे झाले. तर दोन्ही हातांना दोन नाती, शाळेच्या गणवेशात.

"फसवायचं नव्हतं गं पोरी. दर वर्षी रंगावर रंग देत गेलो, आत काय झालंय ते मलाच कळलं नाही. तपासणीच्या दिवशी सकाळीसुद्धा ह्या दोघींना त्याच होडीतून शाळेत सोडून आलो होतो."