पाच मिनिटांसाठी बॅश

१ जानेवारी, प्लोवदिव
नव्या वर्षाच्या बनित्सात, म्हणजे चीजच्या पाईत, माझ्या तुकड्यातून भविष्याची चिठ्ठी निघाली: बढती. चिठ्ठ्या बायकोनेच लिहून आत घातल्या होत्या, पण तुकडा मी निवडला. आमचे प्रमुख इवायलोसाहेब मार्चमध्ये रिटायर होतायत. खुर्ची एक, लायक माणूस एक. संकल्प: आजपासून बॅश बंद. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायला यापुढे फक्त झेडशेल. प्रमुखाला जुनाट शेल शोभत नाही.

४ जानेवारी
झेडशेल कायमचा लावून घेतला. शेजारच्या टेबलावरची रादोस्तिना, पक्की बॅशवाली, म्हणाली, ल्यूबेनकाका, या वयात कशाला नसती उठाठेव? कीव आली तिची.

९ जानेवारी, दु. ३
एक जुनी स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांची यादी, झेडशेलात चालेना. पाच मिनिटांसाठी bash टाइप करून बॅशमध्ये शिरलो. काम फत्ते. खिडकी तशीच. मी खिडक्या बंद करत नाही, लॅपटॉपही नुसता झाकतो. सवय.

२० जानेवारी
पहिला आठवडा अडखळलो, पण आता झेडशेल हातात बसलाय. बॅशवाल्यांना हे सुख कळायचं नाही. जेवताना सगळ्यांना तासभर समजावलं. रादोस्तिनाने दोनदा घड्याळ पाहिलं. जळते.

३ फेब्रुवारी
रादोस्तिना म्हणाली, काका, नक्की झेडशेलच ना? असले प्रश्न! जागेवर येऊन कॉम्प्युटरलाच echo $SHELL विचारलं. उत्तर: /bin/zsh, म्हणजे झेडशेल. झालं समाधान.

१६ फेब्रुवारी
उद्या माझं प्रात्यक्षिक: बॅश का सोडावा. त्यावरून साहेब नाव ठरवणार. चॉकलेटचे दोन डबे आणले. बढतीनंतर वाटावे लागतातच, आधीच वाटलेले बरे.

१७ फेब्रुवारी, दु. १२
चॉकलेटं संपली. पंचवीस मिनिटं मी झेडशेलचे गुण दाखवले. टाळ्या. मग रादोस्तिनाने हळूच विचारलं, काका, आत्ता कुठल्या शेलात आहात? ऐटीत echo $SHELL दाखवलं. ती म्हणाली, हे तुमच्या नावावर कुठला शेल लावलाय ते सांगतं, तुम्ही बसलात कुठे ते नाही. echo $0 विचारा.
विचारलं. bash.
नऊ जानेवारीपासून.
इवायलोसाहेब म्हणाले, ल्यूबेन, बॅशचं एवढं कौतुक मी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. सगळे हसले. मीही हसलो. फार वाईट वाटलं.

२ मार्च
रादोस्तिना प्रमुख झाली. तिने चॉकलेटं वाटली, माझ्यापेक्षा महागाची. बायको म्हणते, सगळ्याच चिठ्ठ्यांवर बढती लिहिलं होतं, सासूबाईंनाही तीच निघाली. आज निर्धाराने exit टाइप करून खऱ्या झेडशेलात आलो. एक काम धड होईना. पुन्हा bash टाइप केलं. पाच मिनिटांसाठी.