चिरंजीव म्हाताऱ्याला पाणी

प्रिय डल्सी,

आधी एक सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. आम्ही दोघी धडधाकट आहोत. कुजलंय ते तुझं मूळ.

तू इंग्लंडची बोट धरलीस त्या दिवशी मी स्वयंपाकघरातल्या वाशाला चिरंजीव म्हाताऱ्याच्या झुडपाचं मूळ टांगलं होतं, बेट सोडून जाणाऱ्या प्रत्येकासाठी आपल्या घरात टांगतात तसं. ना माती, ना पाणी. तरी दरवर्षी त्याला पानं फुटायची, पांढरी फुलं यायची. फुलं दिसली की ट्रीना शेजारच्या आयव्हीला ओरडून सांगायची, आई मजेत आहे. आयव्ही म्हणायची, असणारच, तिकडे तिला रागवायला तुझी आजी कुठे आहे. ते मूळ तुझ्या बाबांनी कड्यावरून आणलेलं. आता तिथे ही झाडं शोधून सापडत नाहीत, आणि दिसलं तरी उपटायला बंदी आहे, म्हणून मी त्याला फार जपायची.

यंदाही उन्हाळ्यात पानं गळली. तेव्हा ते काळं, सुरकुतलेलं, अगदी मेल्यासारखं दिसतं, आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही. पण ट्रीनाला वाटलं, आईला तहान लागलीय. मी खाली जेम्सटाऊनला मासळी आणायला गेले की ही स्टुलावर चढून त्याला पाणी पाजायची. मला कळलं ते वास सुटल्यावर. उतरवून पाहते तो आतून पार पिचपिचीत.

मी रागावले नाही गं. पण पोरीने जेवणच सोडलं. ट्यूना मासा घालून तिच्या आवडीचा प्लो-भात केला, तरी ताट तसंच. शेवटी माझ्या मांडीत तोंड खुपसून म्हणाली, "आजी, मी आईला पाणी घातलं. आई मेली का गं?" मी तिला पोटाशी धरलं आणि म्हटलं, वेडाबाई, रविवारी आईचा फोन येईल तेव्हा तिलाच विचार.

रविवारी कितीतरी महिन्यांनी तुझा फोन आला, आणि तू आधी ट्रीनाशी बोललीस. मग मला म्हणालीस, ही इतकी गप्प का, नुसतं हो बाई, नाही बाई करतेय. ती शेजारीच उभी होती, म्हणून मी विषय बदलला. फोन ठेवल्यावर तिने मला विचारलं, "त्या बाई चांगल्या होत्या. पण आई का नाही बोलली?"

डल्सी, तिला तुझा आवाज ओळखू येत नाही. ट्रीना अजून काही वर्षं माझ्याजवळच बरी, असं तू लिहिलं होतंस, आणि ते वाचून मी मनातून सुखावले होते. तिच्याशिवाय हे घर मला खायला उठेल. तरी सांगते, पुढच्या बोटीने ये. भेटायला नको, न्यायला ये. मी तिला घेऊन धक्क्यावर उभी असेन. ती लगेच तुझ्याकडे येणार नाही. रडू नकोस, तिला ओढूही नकोस. तिथेच खाली बस, आणि ती हात लावून बघेपर्यंत बसून राहा.

तुझीच,
आई