हळद गोळीची जागा घेत नाही

अण्णा, काल कुरुंद्यात मी तुमच्या हळदीचं कौतुक केलं नाही. शेतकऱ्यांचा मेळावा होता, मला मंचावर बसवलं, हार घातला, समोर सगळं गाव. काकांनी आधीच कानात सांगून ठेवलं होतं, "पोरी, आपल्या हळदीनं आतड्याचा रोग बरा होतो, येवढंच बोल. तू शिकलेली हाईस, तुझं कोनी बी ऐकतं. तुझ्या बापाचा घाम हाय त्या हळदीत." मी माईक हातात घेतला आणि म्हणाले, माझा बाप याच गावचा, आतड्याच्या सुजेनं, रोज हळद पिऊनही वारला. काकांनी मान खाली घातली. घालू देत.

मी हल्ली काय करते ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. चिनी वैद्यकात पोटासाठी वापरतात त्या झाडपाल्यातली द्रव्यं वेगळी काढायची आणि सुजलेल्या आतड्यावर ती काय करतात ते पाहायचं, ही माझी नोकरी. त्यांच्या एका कडू पिवळ्या मुळीत जे द्रव्य आहे तेच आपल्या दारुहळदीतही आहे. आणि त्यांच्या औषधांत आपली साधी हळदसुद्धा आहे बरं का! तुम्ही म्हणाला असतात, "चिनी लोकायला बी कळली व्हय आपली हळद?" यातली काही द्रव्यं प्रयोगशाळेत सूज उतरवतात, हे खरं. पण माणसाच्या पोटात किती, कोणाला, कुठल्या गोळीच्या जोडीला, हे अजून मोडून पाहायचं आहे.

मोडून पाहणं तुमचंच. मोंढ्यात तुम्ही ढिगातलं हळकुंड उचलायचात, कडकन मोडायचात आणि आतला रंग माझ्या डोळ्यांसमोर धरायचात. "वरची चकाकी पॉलिश करून कशाला बी आणता येती. मोडल्याबिगर बोलायचं न्हाई." हिंगोलीच्या बाजारात तुम्हाला कोणी फसवू शकलं नाही. मग स्वतःच्या पोटाच्या बाबतीत काहून नाही मोडून पाहिलं? बरं वाटलं तरी गोळ्या बंद करू नका, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. तुम्ही ताकात हळद कालवून पीत राहिलात. काही महिने बरे गेले. मग रक्त पडायला लागलं, तेही आईपासून लपवलंत. नांदेडला नेलं तेव्हा आतडं फाटलेलं होतं. गोळ्यांचा डबा मला हळद शिजवायच्या कढईमागे सापडला, नंतर आणलेलं एकही पाकीट न फोडलेलं. तुमचा मला आजही राग येतो, आणि तो मी सोडणार नाही.

म्हणून मी गोड बोलणार नाही. पुढच्या मेळाव्याला बोलावलं नाही तरी चालेल. काल सगळे पांगल्यावर एक बाई माझ्याजवळ आल्या. त्यांच्या मुलीला तुमचाच आजार. इकडे तिकडे बघत त्यांनी विचारलं, "मंग लेकराच्या गोळ्या चालू ठेवू ना बाई?" मी म्हणाले, "ठेवा. हळद भाजीत घाला. गोळीचं काय करायचं ते डॉक्टरलाच विचारा." एवढ्यासाठी गाव रुसलं तर खुशाल रुसू दे.

पण एक गोष्ट मी मंचावर बोलले नाही. फार्मसीच्या पहिल्या वर्षाला होते, सुट्टीत पुस्तक घेऊन घरी आले होते. तुम्ही अंगणात ओल्या हळदीच्या मुळ्या तोडत बसला होतात. हळद सूज उतरवते, हे मी तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं, फुशारकीनंच. तुमचा चेहरा केवढा खुलला. तुम्ही विचारलंत, "मंग त्या गोळ्या कशाला खाऊ?" मला उत्तर येत नव्हतं. येत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून मी नुसती हसले.

ते पुस्तक अजून माझ्याकडे आहे. हा कागद त्याच पानात ठेवते आहे. काकांना दाखवायची हिंमत नाही, आईला तर नाहीच. अण्णा, तुम्ही मोडून पाहिलं होतंत. मला विचारलं होतंत.