माईंचा होकार

अंबरनाथ,
१२ सप्टेंबर १९५८

ती. सौ. वृंदावन्सं यांना उमाचा शि. सा. न. वि. वि.

त्या सकाळी मी पाणी भरलं, तांदूळ निवडले, ह्यांचा डबा बांधला. हे दारात उभे राहून खिशातला ट्रान्झिस्टर दाखवत होते. वाटाण्याएवढा जीव, तीन तारा, जुन्या रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हसारखं तापावं लागत नाही, टॉर्चच्या सेलवर चालतो, असं काय काय चाललं होतं. माझं लक्ष दुधाकडे. मी नुसतं हूं म्हटलं. दुपारी कारखान्यातले दोघं जण सांगत आले की छातीत कळ आली आणि संपलं. त्याला चौदा महिने झाले. ते हूं अजून टोचतं.

पत्राला कारण श्यामभावजी. ह्यांचं उल्हासनगरचं रेडिओदुरुस्तीचं दुकान वर्षभर मी चालवते, हे तुम्हाला माहीत आहेच. सरकारी नोकरीमुळे ह्यांनी ते माईंच्या नावावर घेतलं होतं, म्हणून सोडायचं तर अंगठा माईंचा लागतो. भावजींनी ते एका कापडवाल्याला द्यायचं ठरवलंय, आणि माईंनी होकार दिलाय म्हणतात. वन्सं, तुमच्या आईला दोन वर्षांत धड काही ऐकू आलेलं नाही, वाचता तर कधीच येत नव्हतं. चहा हवा का विचारा, मान हलवतात. घर पेटलंय सांगा, तरी हलवतील. असल्या होकारावर मी किल्ली देणार नाही.

मी माईंसाठी कानाचं यंत्र करतेय. नीट ऐकून त्या हो म्हणाल्या, तर त्याच दिवशी किल्ली भावजींच्या हातात ठेवीन. पण आधी ऐकू दे.

मुलांना आशीर्वाद. माझ्यावर रागावलात तरी पत्र टाकत जा.

तुमची
उमा


सातारा,
२२ सप्टेंबर १९५८

चि. उमा हिला वृंदाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. श्यामचंही पोचलं, आणि तुझ्या यंत्राची कीर्तीही. कुळगावला श्यामच्या घरी नेऊन माईच्या कानाला लावलंस म्हणे. तिला चमचे ऐकू आले, बांगड्या ऐकू आल्या, आणि समोर बसून श्याम घसा फोडत होता तो काही ऐकू आला नाही! लिहितो की वहिनीच्या डबीलासुद्धा माझा कंटाळा आलाय. मी हसले. मग मनात आलं, हेमू असता तर त्याने जागच्या जागी दुरुस्त केलं असतं, आणि पुढचं वाचवेना.

उमा, तुझा हट्ट मला लग्नापासून माहीत आहे. पण चौतिसाव्या वर्षी त्या बाजारात पुरुषांच्या ओळीत एकटी बसतेस, त्याची चौकशी इथे साताऱ्यात होते. सासूबाईंनी परवा विचारलं, तुझी भावजय काय करते? मी शिवणकाम म्हणून सांगितलं. श्याम वाईट नाही गं. कुळगावात तुला खोली देतोय, माईला सोबत होईल. पाच तारखेच्या रविवारी तो कागदावर अंगठा घेणार आहे. त्या दिवशी भांडू नकोस, एवढं माझं ऐक.

तब्येतीला जप. मी तुझीच आहे, हे विसरू नकोस.

तुझी
वृंदा


अंबरनाथ,
७ ऑक्टोबर १९५८

ती. सौ. वृंदावन्सं यांना शि. सा. न. वि. वि.

भांडले नाही. पण गेले, डबी घेऊन.

आधी चमच्यांचं सांगते. शेजारचे चंदूशेठ सुटे भाग विकतात. ते म्हणाले, बहेनजी, तुमचा क्रिस्टलचा मायक्रोफोन ओल लागून मेला, नवा घेऊन जा. तो मेला नव्हता. चूक माझी होती. ह्यांच्या दुरुस्तीच्या वहीतली व्हॉल्व्हची जोडणी मी तशीच ट्रान्झिस्टरला लावली होती. क्रिस्टल जोर देतो, पण प्रवाह अगदी थोडा. व्हॉल्व्ह त्याच्याकडे काही मागत नाही. ट्रान्झिस्टरचा इम्पीडन्स, म्हणजे आतला अडथळा, कमी, तो मागतच राहतो. मग आवाज बसतो, आणि खर्जाचा आधी. म्हणून भांडी आली, भावजी नाही. वहीत ह्यावर एक ओळ नाही. ह्यांच्या अक्षरापलीकडे मी पहिल्यांदाच गेले, आणि ते मला सोपं गेलं नाही.

शब्दकोश मांडीवर घेऊन एक इंग्रजी मासिक वाचलं. ट्रान्झिस्टरच्या तीन तारा म्हणजे बेस, कलेक्टर आणि एमिटर; बेसमधून आवाज आत जातो. पहिल्या ट्रान्झिस्टरचा आवाज कलेक्टरवरून न घेता एमिटरवरून घेतला. आवाज त्याने वाढत नाही, पण मायक्रोफोनवर भार पडत नाही. वाढवायचं काम पुढच्या दोन ट्रान्झिस्टरांचं. तरी खर्ज अर्धाच. चार दिवसांनी चोर सापडला. बेसला वीज पोचवणारे रेझिस्टरच आवाज पीत होते. मग मध्ये आणखी एक रेझिस्टर घालून त्याचं मागचं टोक कंडेन्सरने एमिटरला बांधलं. आता त्याची दोन्ही टोकं बरोबरच वरखाली होतात, त्यामुळे आवाजाचा प्रवाह त्यातून जवळजवळ वाहतच नाही.

रविवारी मी डबी माईंच्या कानाला लावली आणि भावजींनी कागद वाचायला घेतला. माईंनी पहिल्या ओळीलाच त्यांना दटावलं की ओरडू नकोस. मग पुन्हा सावकाश वाचायला लावलं. हे मी कधी कबूल केलं, असं विचारलं. भावजी म्हणाले, नारळीपौर्णिमेला, सगळ्यांसमोर. माई म्हणाल्या, मला वाटलं नारळीभात वाढू का विचारतोयस.

माईंनी माझी बाजू घेतली असं समजू नका. बाजारात बसतेस ते मला आवडत नाही, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. मी म्हटलं, मला आवडतं. त्यांनी भावजींच्या हातातला कागद घेऊन बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, हेमू कसा गेला ते सांग. इतके महिने सगळ्यांनी कानाशी ओरडून एकच शब्द सांगितला, गेला. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी एकदाही मान हलवली नाही. काय खाऊन निघाला होता, कोणी उचललं, कोणाच्या मांडीवर डोकं होतं, हे विचारत राहिल्या. भावजी उठून मागच्या दारी जाऊन उभे राहिले.

ते परत आले तेव्हा माईंनी कागद त्यांच्याकडे सरकवला आणि दुकान उमाकडेच राहील म्हणाल्या. भावजी म्हणाले, लोक काय म्हणतील? माई म्हणाल्या, म्हणू देत, आता मला ऐकू येईल काय म्हणतात ते.

तुमच्या सासूबाईंना खरं सांगा. शिवण मला येत नाही.

पटलं नसेल तरी माया आहे ती तेवढीच ठेवा. आजवर मी दुकानात पडद्यामागे बसून काम करायची. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी तो पडदा काढला आणि रस्त्याकडे तोंड करून कामाला बसले.

तुमची
उमा